मिठाची गुळणी

"खूण गालात असते ना, सर?"

विटकोम सर चाकूने पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली खूण?"

"सामन्यात बाकावरून पोरांना करता ती. उजवा गाल फुगला की उजवीकडून, डावा फुगला की डावीकडून."

सर गालातल्या गालात हसले…

ही गोष्ट अमेरिकेतली, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्यांना रेटत पुढे जायचं. त्या काळी सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने बाकावरून चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. काढलाच, तर पंच त्याच्याच संघाला मागे ढकलायचा.

ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात सरांनी तीस वर्षं संघ घडवले होते. आठवडाभर ते मैदानावर घसा फुटेस्तोवर ओरडत. शनिवारी मात्र पत्र्याच्या मगातून मिठाच्या पाण्याची गुळणी तोंडात धरून बाकावर बसत. घशासाठी, असं सगळे समजत.

खुणेबद्दल विचारणारा हार्लन त्यांचा एके काळचा कप्तान. आता एका मोठ्या कॉलेजचा प्रशिक्षक. त्याच्या फळ्यावर साठ डाव होते आणि त्याला ते सांगायची फार हौस होती. जीभ तेवढी ताब्यात नव्हती. त्या मोसमात चार वेळा तो बाकावरून ओरडला, चार वेळा संघ मागे ढकलला गेला. आणखी एक सामना हरलास तर गाशा गुंडाळ, असं कॉलेजने त्याला बजावलं होतं.

"तुम्हीही एकदा ओरडला होतात," हार्लन म्हणाला. "मी कप्तान असताना. 'डावीकडून!' पंचाला ऐकू गेलं नाही. मी डावीकडून घुसलो आणि जिंकलो. त्याच दिवशी ठरवलं, प्रशिक्षक व्हायचं ते असं."

सरांनी चाकू मिटून पेन्सिल खाली ठेवली…

"उद्या सामना आहे. माझ्याशेजारी बस."

दुसऱ्या दिवशी हार्लन वही घेऊन बसला. मैदानाकडे कमी, सरांच्या गालांकडे जास्त बघत होता. उजवा गाल फुगला, पोरं डावीकडून गेली. डावा फुगला, पोरं सरळ मधून घुसली. काही केल्या मेळ बसेना.

शेवटचा एक डाव उरला. संघ चार गुणांनी मागे. कप्तानाने वळून बाकाकडे पाहिलं.

डावीकडे मोकळी वाट होती. हार्लनला ती लख्ख दिसली आणि तो ताडकन उठला.

सरांनी त्याच्या हातात मग ठेवला.

हार्लन क्षणभर अडला… मग घोट तोंडात घेऊन तो खाली बसला.

बाकावर दोन माणसं, चारही गाल फुगलेले. कप्तान हसला, पाठ फिरवून पोरांच्या कानात काहीतरी बोलला. चेंडू घेऊन तो डावीकडे धावला, सगळे त्याच्या मागे लागले, आणि त्याने पाठीमागून चेंडू हळूच दुसऱ्याच्या हाती दिला. तो दुसरा उजवीकडून एकटा शेवटची रेघ पार करून गेला. सामना जिंकला.

असा डाव हार्लनच्या साठांत नव्हता. त्याचा ऊर भरून आला. ओरडायला तोंड उघडणार, तोच गुळणी घशाखाली गेली. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी आपली गुळणी सावकाश गवतावर टाकली.

"हा डाव तुम्ही शिकवलात?"

"नाही. मी डावीकडून जा म्हटलं असतं."

"मग खूण…?"

"खूण नाहीच. गुळणी गिळलीस ना?"

"गिळली, सर."

"मीही गिळली होती. तीस वर्षांत एकदाच. तुझ्या वेळी."

"पण त्या दिवशी आपण जिंकलो, सर!"

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला…

"जिंकलो. म्हणून तर तू अजून विचारायला येतोस."