एकवीस पायऱ्या आणि आठ पाय

"फिर्याद ऐकतो," महाराज म्हणाले, "पण फिर्यादीला इथं वर आण. स्वतःच्या पायांनी!"

हौसा समोर हात जोडून उभी होती. तिचा बाप धर्माजी गवंडी खाली चौकात बाजेवर पडून होता. राजवाड्याच्या नगारखान्याला चुना देताना बांबूच्या परांचीचा दोर तुटला आणि तो तीन पुरुष उंचीवरून खाली आला. तेव्हापासून त्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं. पायांवर मुंग्या चढल्या तरी त्याला कळत नसे. हौसा त्या झाडत असे.

"महाराज, पाय गेले म्हणून तर फिर्याद आहे!"

"असेल. पण पहिल्या पायरीवर आमच्या पणजोबांनी काय कोरून ठेवलंय? 'या दरबारात जो येईल, तो स्वतःच्या पायांनी येईल.' चार पिढ्यांत हा नियम एकदाही मोडलेला नाही!"

इमारतखात्याचे कारभारी केदारपंत महाराजांच्या उजव्या हाताला बसले होते. फिर्याद त्यांच्यावरच होती. त्यांनी समाधानानं मान डोलावली. "नियम म्हणजे नियम, पोरी."

मुख्य कारकुनाला तिची दया आली. "अगं, सोय आहे. पायऱ्या चढता येत नाहीत, असा अर्ज करता येतो."

"कुठं द्यायचा?"

"इथंच, वर. मात्र अर्जदारानं स्वतः यायला हवं."

हौसानं एकवीस पायऱ्या खालपर्यंत न्याहाळल्या. मग ती वळली.

"महाराज, राग नसावा. आज आपण या पायऱ्या कशा चढलात?"

महाराज रोज पालखीतून वर येत. आठ भोई घामाघूम होऊन पालखी आणत, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"पालखीतून," महाराज सावकाश म्हणाले.

"मग नियम मोडला का?"

"आम्ही? नियम?" महाराज लालबुंद झाले. "शास्त्रीबुवा! सांगा हिला!"

राजशास्त्री दचकून जागे झाले. पण त्यांचा सगळा जन्म अशाच अडचणी निस्तरण्यात गेला होता. "मुळीच नाही! भोई म्हणजे पालखीत बसणाऱ्याचेच पाय. मालक बसतो, पाय चालतात. आठ भोई, सोळा पाय. महाराज सोळा पायांनी वर आले!"

"वा!" महाराज खूश झाले. "लिहून घ्या. जो वाहून नेतो, तो बसणाऱ्याचा पाय. मारा शिक्का!"

कारकुनानं लिहिलं. शिक्का बसला. हौसानं लाख वाळू दिली. मग कठड्याशी जाऊन तिनं हाक मारली, "काका, आणा वर!"

बाजेशी थांबलेल्या आळीतल्या चौघांनी बाज उचलली. एकवीस पायऱ्या चढून त्यांनी ती दरबाराच्या मधोमध ठेवली.

"बा स्वतःच्या पायांनी आलाय," हौसा म्हणाली. "चार माणसं, आठ पाय. महाराजांपेक्षा आठ कमी आहेत, तेवढं चालवून घ्यावं."

महाराजांनी मिशीवर हात ठेवला. "बोल, धर्माजी."

"जी, मी महिनाभर सांगत होतो, सुंभ कुजलाय. नवा दोर आला होता. तो पंतांच्या पुतण्याच्या मुंजीला गेला, मांडव बांधायला. पंत म्हणाले, मुंज झाली की बघू. मुंजीआधीच मी पडलो."

"साफ खोटं!" केदारपंत उसळले. "परांचीचा दोर हत्ती बांधावा इतका मजबूत होता. हाच वेंधळा!"

"मग बरंच झालं," हौसा म्हणाली. "अर्धी परांची अजून उभी आहे, दोर तोच आहे. पंत, जरा वर चढून दाखवता?"

"मी? अगं, माझं वजन…"

"बा चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन चढायचा."

"चढा, पंत," महाराज म्हणाले.

पंतांनी नगारखान्याकडं पाहिलं. गुडघा धरला. मग कपाळ पुसलं. "त्यापेक्षा… एक शालजोडी देतो. आणि नारळ."

"समजलं आम्हाला!" महाराज कडाडले. "दोषी तुम्हीच. हौसा, काय हवं ते माग. पण होण्यासारखं माग. गेलेले पाय काही कुणाला परत देता येत नाहीत."

"मला पायच हवेत, महाराज."

"अशक्य!"

"अशक्य कसं? शिक्का तर आत्ताच बसलाय. जो वाहून नेतो, तो बसणाऱ्याचा पाय. पंतांमुळे बाचे पाय गेले. पंतांनी त्याला जन्मभर चार भोई द्यावेत. तो म्हणेल तिथं नेणारे. देवळात, नदीवर, नाहीतर नुसतं पारावर गप्पांना."

केदारपंत चाचरले. "एवढ्या घाईत भोई मिळायचे कुठून?"

"मिळेपर्यंत तुम्ही आहात की!" हौसा म्हणाली. "आणखी तिघं तुम्हीच शोधा. मुंजीला पुष्कळ माणसं जमली होती ना?"

महाराजांना आता राहवेना. ते असे हसले की डोक्यावरचा मंदील तिरका झाला. "दिले! आणि हे बक्षीस आमच्याकडून. दर सोमवारी दरबार खाली चौकात भरेल. ज्याला वर येता येत नाही, त्याची फिर्याद हौसा मांडेल. दरबारची वकील म्हणून! पगार केदारपंतांइतका!"

"पण महाराज," कारकून पुटपुटला, "नेमणुकीचा अर्ज…"

"तो तू खाली घेऊन ये!"

केदारपंतांनी बाजेचा पुढचा कोपरा खांद्यावर घेतला. उरलेले तीन कोपरे त्यांनी बोलावून आणलेल्या भावानं आणि दोन व्याह्यांनी धरले. उतरताना पहिल्याच पायरीवर पंतांचं धोतर पायात आलं.

"जपून, पंत!" धर्माजी बाजेवरून म्हणाला. "आता तुम्ही घसरलात, तर पडणार मीच!"

महाराजांचं हसणं पार खालच्या पायरीपर्यंत ऐकू येत होतं.