खडकपिंपरीत इंजनाला हार घालत नाहीत

दिनांक २३ ऑक्टोबर २०२३, सोमवार, आश्विन शुद्ध नवमी. आकाश निरभ्र. पहाटे थोडा गारवा होता, दहानंतर ऊन चढले. वारा अजिबात नव्हता. जुन्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, चिमणीवर बसलेल्या पारव्यांची पिसे सरळ खाली पडत होती.

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारे, गाड्या, यंत्रे पुजतात आणि त्यांना झेंडूचे हार घालतात. खडकपिंपरीत मात्र यंत्राला हार नसतो. ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो, शिलाई मशीन असो, फुले त्याच्यापुढे जमिनीवर ठेवतात. यंत्रावर काही अडकवायचे नाही, टांगायचे नाही, बांधायचे नाही. मोठी पूजा जुन्या जिनाच्या इंजनघरात होते; तिथल्या इंजनाला गाव देवी मानते. दाराशी एक रिकामा पाट मांडलेला असतो. आत जाणारा प्रत्येक जण त्या पाटापुढे थांबतो, दोन्ही तळहात उघडून दाखवतो आणि मगच उंबरा ओलांडतो.

यंदा पुण्याहून आठ-दहा मंडळी जिन पाहायला आली होती. त्यांतल्या एका बाईंच्या हातात हार होता. जिनाचे जुने रखवालदार उत्तमआप्पा बाविस्कर दारातच उभे होते. वय एक्क्याऐंशी, कान तेवढे मंद.

"ताई, हार पाटावर ठेवा."

"देवीला घालायचाय हो, आप्पा."

"म्हणूनच म्हणतो, पाटावर ठेवा. एकदा घातला होता. बसा सावलीला, सांगतो."

आप्पांनी सांगितले ते असे.

शके सतराशे अठ्ठ्याण्णवच्या सुमारास हे जिन उभे राहिले, असे सांगतात. त्याआधी कापसातली सरकी घरोघरी बायका काढीत. त्यासाठी चरखी असे: एक लाकडी लाट म्हणजे रूळ, एक लोखंडी कांब. दोहोंमधून कापूस ओढला की सरकी अलीकडे पडे, रुई पलीकडे जाई. गावात सर्वांत जलद हात केवळबाईचा होता म्हणे. चरखी तिला आईने दिलेली, सागवानी, मुठीजवळ झिजून गुळगुळीत झालेली. केवळबाई बोलता बोलता चरखी फिरवी, आणि चरखी थांबली तरच शेजारणींना कळे की ती आता रागावली आहे.

मग हरकचंद शेटने विलायतेचे इंजन आणले. त्याचा बॉयलर स्टेशनापासून सहा कोस बैलांनी ओढत आणला, चौदा जोड्या लावून. उतारावर दोर तुटला आणि एक गाडीवान चाकाखाली गेला. पुढे चिमणी चढत असताना गवंडी वरून पडला. दोन जीव गेले, तेव्हा गावात बोलणे सुरू झाले की हे लोखंड तीन जीव घेते. तिसरा मिळेपर्यंत चिमणीचा धूर सरळ चढणार नाही. आणि धूर खरोखरच रोज वाकडा जाई; नदीकडचा वारा त्याला गावावर आणून टाकी. सकाळी वाळत घातलेल्या पातळांवर काळे ठिपके दिसले की बायका एकमेकींकडे पाहत.

केवळबाईचा नवरा सुपडू बॉयलरचा आगवाला झाला. भट्टीत लाकूड टाकायचे, आग राखायची. लोखंडाच्या सर्वांत जवळ उभा राहणारा माणूस तोच. तिसरा कोण, हे कोणी बोलून दाखवीत नव्हते, पण पाणवठ्यावर केवळबाई आली की बोलणे थांबे.

ती रोज दुपारी भाकरी घेऊन इंजनघराच्या भिंतीशी बसे. बायकांना आत जायची मनाई होती. भिंतीपलीकडून आवाज येई: फुस्स. थोडे थांबून पुन्हा फुस्स. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातातला पाण्याचा गडवा सांडला होता.

"अहो, ती रागावते का तुमच्यावर?"

"कोण?"

"आतली."

सुपडू हसला. "तुझ्या भाताचं झाकण उडतं, ते रागानं उडतं का? वाफ जास्त झाली की तेवढी बाहेर पडते. बेहरामजी मिस्तरी म्हणतो, सुपडू, पाण्याची काच, वाफेचा काटा आणि दांडी, तिघांवर नजर ठेव. आणि फुसकारतंय तोवर आपण जिवंत."

"आणि नाही फुसकारलं तर?"

"झाकणावर वरवंटा ठेवून बघ."

"माझं भांडं फुटेल ना!"

"मग कळलं तुला."

बेहरामजी हा भडोचचा पारशी, शेटने इंजनाबरोबरच आणलेला. त्याने सुपडूला सगळे दाखवले. सुपडूने बायकोला आवाज समजावला. पण तो आवाज नेमका कुठल्या जागेतून येतो, ते तिने कधी पाहिले नव्हते.

केवळबाईची भीती काही त्याने गेली नाही. नवरा घरी आला की ती आधी त्याचे हातपाय पाहून घेई, मग पाणी देई. शेवटी तिने नवस बोलला. भिंतीला हात लावून ती म्हणाली, "माय, दोन घेतलेस. तिसरा माझ्या घरचा घेऊ नको. जीवच पाहिजे तर माझी चरखी घे. माझा जीव तिच्यातच आहे." त्या दिवसापासून तिने चरखीला हात लावला नाही. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

खंडेनवमी आली. शेटने ठरवले की पूजा थाटात करायची आणि आरती होताच जिन सुरू करायचे. मुहूर्त सव्वादहाचा. म्हणून पहाटेपासून आग पेटवली होती. वाफ तयार पाहिजे होती, पण आरती होईपर्यंत यंत्राला सोडायची नव्हती. बेहरामजी नवे पट्टे आणायला स्टेशनावर गेला होता, तो दुपारपर्यंत येणार होता. त्या एका दिवसापुरते बायकांनाही इंजनघर मोकळे केले होते.

केवळबाई सर्वांच्या आधी आली. आत अंधार, ऊब, तेलाचा वास. विटांच्या बैठकीवर काळा बॉयलर आडवा पडलेला, म्हशीच्या पाठीसारखा. तोंड कुठे, डोळे कुठे, काही कळेना. बाजूला पाच-सहा पायऱ्या होत्या. ती वर गेली. तिथे पाठीमधून एक लोखंडी दांडी बाहेर आलेली होती आणि तिच्या टोकाला गोळा होता. तेवढाच एक अवयव तिला ओळखीचा वाटला. तो हात होता. देणाऱ्याने द्यावे, घेणारीने घ्यावे, यासाठी पुढे केलेला हात.

तिने चरखी फडक्यातून काढली, कपाळाला लावली आणि दांडीला टांगली.

बाकीच्या बायकांनी ते पाहिले. नवसाच्या मालाला जागा कुठली, हे आता सर्वांना कळले. नारळांच्या पिशव्या आल्या, तोरणे आली, झेंडूचे हार इतके आले की गोळा दिसेनासा झाला. शेटने घडवून आणलेली पितळी घंटा वर चढून स्वतः बांधली. खाली भटजींनी भट्टीच्या दारावरच्या वाटोळ्या काचेला हळदकुंकू लावले. एकाने लावल्यावर सगळ्यांनी लावले. त्या काचेमागे काटा होता.

सुपडू खाली भट्टीपुढच्या खड्ड्यात उभा होता. तिथून दांडी दिसत नाही. बॉयलरचे पोट आड येते. काट्यावर कुंकवाचा थर बसलेला त्याने पाहिला. पुसायला त्याने चिंधी उचलली आणि हात अर्ध्यावर थांबवला. नवमीच्या दिवशी, शेटच्या डोळ्यांदेखत, कुंकू पुसायचे?

ढोल आणि सनई जोरात चालू होते. आरतीसाठी ती वाद्ये थांबली.

इंजनघरात एकदम शांत झाले.

"बघा," शेट हात जोडून म्हणाले, "सकाळपासून कशी फुसफुसत होती. आता गप्प झाली. नैवेद्य पावला!"

लोकांनी जयजयकार केला. केवळबाई वर पायऱ्यांवरच उभी होती; तिने केला नाही. भिंतीशी बसून वर्षभर तिने तो आवाज ऐकला होता. ती वाट पाहत राहिली. एक श्वास, दुसरा, दहावा. फुस्स आले नाही. त्याऐवजी दुसरेच काही येऊ लागले: कण्. मग थांबून, कण्. आतून कोणी नखाने लोखंड वाजवावे तसे. विटांवरचा चुना तिच्या पायाशी भुरभुरला. लोखंडाच्या जोडातून पाण्याचा एक थेंब निघाला आणि खाली पडायच्या आत वाफ होऊन गेला.

तिचे लक्ष हारांकडे गेले. हारांखालच्या दांडीकडे. दांडीखालच्या त्या बुचाकडे, ज्याच्या कडेला वाफेचा एक केस थरथरत होता. आणि सर्वांत खाली लोंबणाऱ्या स्वतःच्या चरखीकडे.

झाकणावर वरवंटा तिनेच ठेवला होता.

"अहो!" ती वरून ओरडली. "तुमची फुसकारी बंद झाली! काटा बघा!"

सुपडूने चिंधीने कुंकू पुसले. काटा लाल रेघ ओलांडून पलीकडच्या खिळ्याला टेकला होता. तो ओरडला, "बाहेर पळा! सगळे बाहेर!" आणि भट्टीचे दार उघडून लोखंडी आकड्याने जळती लाकडे बाहेर ओढू लागला.

दार एकच आणि माणसे शंभरावर. कोण पळाले, कोण जागीच राहिले. केवळबाईने चरखीला हात घातला तेवढ्यात शेजारच्या धुरपाआजीने तिचे मनगट धरले.

"काय करते व माय? देवीला दिलेलं परत घेते? नवस मोडला तर नवऱ्यावर येईल!"

हेच तर तिचे भय होते. वर्षभर ती ज्याला भीत होती, तेच आता तिला स्वतःच्या हाताने करायचे होते. चरखी राहू दिली तर सुपडू इथेच, आता. काढली तर कधी, कुठे, ते देवीच्या हाती. तिने खाली पाहिले. तो निखाऱ्यांत उभा राहून लाकडे ओढत होता.

"सोड, आजी."

"माझं ऐक, पोरी."

"तिनं मला खावं मग. चरखी माझी, हातही माझे."

हिसका देऊन ती दांडीवर ओणवली. हार, घंटा, नारळ, सगळे चरखीवरून गुंतलेले. एकेक सोडायला वेळ नव्हता. तिने दोन्ही हात चरखीखाली घातले आणि सगळा भार एकदम वर उचलला.

मग जो आवाज झाला तो दोन कोसांवर ऐकू गेला, असे सांगतात. बेहरामजी वाटेत होता. तो बैलगाडीतून उडी टाकून शेतात पालथा पडला आणि कानांवर हात घेऊन मोजत राहिला, की आता फुटेल, आता फुटेल. इंजनघरात पांढऱ्या वाफेशिवाय काही उरले नाही. तिच्यातून केवळबाई दिसत नव्हती. पण भार परत दांडीवर पडला नाही. तिने तो धरून ठेवला, आणि अंगाने ढकलत ढकलत बॉयलरपलीकडे टाकला. घंटा पडल्याचे लोकांनी ऐकले. चरखी पडल्याचे कोणी ऐकले नाही.

वाफ विरायला अर्धी घटका लागली म्हणे. सुपडू पायऱ्या चढून गेला तेव्हा ती बसलेली होती. हात पुढे केलेले, तळवे वर.

"फुसकारते का?" तिने विचारले.

"फुसकारते."

"मग ठीक आहे."

बेहरामजी पोचला, तेव्हा त्याने आधी बॉयलर पाहिला आणि मग केवळबाईला. अकरा ठिकाणी जोड उसवला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पुढे त्याने शेटला एवढेच सांगितले की, यापुढे पूजा आग विझवून करायची. नाही तर दुसरा मिस्तरी बघायचा.

केवळबाई वाचली. तोंडावर डाग राहिले. हातांची आठ बोटे पुन्हा वळली नाहीत. अंगठे तेवढे वळत. चरखी तिने नंतर फिरवली नाही, फिरवता आलीही नसती. पुढची एकतीस वर्षे प्रत्येक खंडेनवमीला ती इंजनघराच्या दाराशी पाटावर बसे. कोणी हार घेऊन आला की ती दोन्ही हात उघडून त्याच्यासमोर धरी. माणूस हार खाली ठेवी आणि स्वतःचे तळहात तिला दाखवून आत जाई. सुपडू तिच्या आधी दोन वर्षे गेला, अंथरुणावर, म्हातारा होऊन. नवस मोडल्याचे फळ कधी येणार, याची वाट तिने त्या दिवसापर्यंत पाहिली, असे म्हणतात.

आप्पांनी इथे सांगणे थांबवले. पुण्याच्या बाईंनी विचारले, "आणि तो तिसरा जीव?"

"ते गावात अजून कोणी ठरवलेलं नाही," आप्पा म्हणाले. "म्हणून तर काळजी घेतो."

बाईंनी हार पाटावर ठेवला, तळहात उघडून दाखवले आणि त्या आत गेल्या.

आजही खंडेनवमीला आधी भट्टीत हात घालून राख थंड असल्याची खात्री करतात, मग काट्याची काच पुसतात, मग पूजा होते. जिन बंद पडून बावीस वर्षे झाली, तरी हा क्रम बदललेला नाही. यंदा आरती अकरा वाजून दहा मिनिटांनी संपली. एकशे सदतीस माणसे आत जाऊन आली. पाटावर नऊ हार जमले. दांडीवर तिच्या स्वतःच्या गोळ्याखेरीज काही नव्हते.