गोगलगाय, होडी आणि जहाजाचा भोंगा

फार पूर्वी बोटी बोलायच्या आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, तेव्हाची ही गोष्ट.

शेवंता गोगलगाईला खाडीतल्या आजारी बहिणीला भेटायचं होतं. ती बंदरात जाऊन ऐटीत मोठ्या जहाजात बसली. जहाजावर पोहायचा तलाव होता, नाचायला हॉल होता. "बहीण दिसली की शिंगं हलवीन," म्हणत ती खोलीतून कठड्याकडे निघाली.

कठड्याशी पोचली, तर समोर तेच बंदर.

"मावशी, उतरा. सहल संपली," जहाज म्हणालं.

"आणि माझी बहीण?"

"खाडीत मी मावत नाही हो. तुमच्या वतीने लांबून भोंगा वाजवला."

शेवंता रडायला लागली. शेजारची होडी म्हणाली, "मावशी, माझ्यात या. चालायला जागाच नाही, बसल्या जागी सगळं दिसतं."

जहाज हळूच म्हणालं, "मलाही ने ना. कुणाचं दार मी कधी जवळून बघितलंच नाही."

होडीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अख्खं नाही मावणार. थोडं काय ते दे."

जहाजाने भोंगा काढून दिला.

खाडीत केवड्याखाली दोघी बहिणी शिंगाला शिंग लावून खूप वेळ बसल्या. भोंगा शेजारी गप्प बसला होता. शेवटी बहिणीचं त्याच्याकडे लक्ष गेलं. "तू जेवलास का रे?" तिने विचारलं. त्याला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

परतल्यावर होडीने भोंगा जहाजाला देऊन टाकला. आता ते जहाज बंदरात शिरताना पूर्वीसारखं भोंऽऽ करत नाही. हळू आवाजात सगळ्या होड्यांना विचारतं, "जेवलात का?"