लव्हाळा उपटला त्याची गोष्ट

“सगळी घाण काढली, बुवा. मग पाणी गढूळ कसं झालं?”

पुरुषोत्तम अगदी रडकुंडीला आला होता. येणारच की! तळ्यात चेहरा लख्ख दिसला की तुला अनुग्रह देईन, कानात मंत्र सांगेन, असा शब्द धोंडीबुवांनी त्याला दिला होता.

झालं! स्वारी लगेच कामाला लागली. मठातला सगळ्यांत हुशार शिष्य ना! पांढऱ्याशुभ्र धोतराला चिखल लागू नये म्हणून काठावर उभं राहून लांब आकडीनं त्यानं सगळं ओढून काढलं. तळं पार भुंडं केलं.

आता पाणी चहासारखं दिसत होतं आणि वासही मारत होतं.

“काय काय काढलंस?” बुवांनी विचारलं.

“लव्हाळा, पाणकणीस, वेखंड. नुसती रानटी गर्दी!”

“बरं. आपल्या गोठ्याचं पाणी कुठं जातं रे?”

“तळ्यात.”

“आणि प्यायचं कुठून भरतोस?”

“तळ्यातूनच... पलीकडच्या काठावरून.”

“मग इतकी वर्षं मध्ये कोण उभं होतं?”

पुरुषोत्तमानं वळून बघितलं.

काठावर उपटलेल्या लव्हाळ्याचा ढीग पडला होता. त्यावर एक पाणकोंबडी इकडून तिकडे फिरत आपलं घरटं शोधत होती. त्याला फार वाईट वाटलं.

“चुकलो, बुवा.”

“अरे, मुळं ओली आहेत अजून!”

बुवांनी धोतर वर खोचलं, ढिगातून एक जुडी उचलली आणि सत्तरीचा तो माणूस थेट चिखलात उतरला. वाकून एकेक मूळ रोवायला लागला. वर गाणंही चालू, तेही बेसूर.

पुरुषोत्तमानं काठावरूनच आकडी पुढे केली. “हिनं लावता येईल का, बुवा?”

“लावून बघ की.”

त्यानं लावून बघितलं. जुडी आडवी होऊन तरंगायला लागली. बुवा खो खो हसले.

“आणि... माझा अनुग्रह?”

“आत्ता देतो.”

“पण पाणी तर अजून गढूळ आहे...”

“असू दे.”

पुरुषोत्तमाचा चेहरा एकदम खुलला. काठावरच त्यानं हात जोडले, डोळे मिटले, कान पुढे केला...

काहीच ऐकू येईना. त्यानं हळूच एक डोळा उघडला.

बुवा गुडघाभर चिखलात तसेच उभे होते.

“कानात सांगायचा मंत्र तो, बाळा,” ते म्हणाले. “इथून ओरडू होय?”