राजाने कुलूप घातलेला शब्द

कोण्या एके काळी समुद्राकाठी एक राजा होता. गादीवर बसताच त्याने ‘चंद्र’ ही पदवी घेतली आणि दवंडी पिटवली : यापुढे चंद्र म्हणजे फक्त महाराज. दुसऱ्या कशाला तो शब्द लावाल, तर तुरुंगात जाल.

तोवर हा एक शब्द किती घरी राबत होता, पाहा! कोळ्याला तो भरतीची वर्दी देई. उपास धरलेल्या बायका त्याचं नाव घेऊन पहिला घास घेत. सासरी रडणाऱ्या पोरीला तो माहेरचा माणूस वाटे. आता सगळे ‘ते वरचं’ म्हणू लागले.

एक म्हातारी विणकरीण मात्र भर बाजारात ओरडली, “घ्या गं, चंद्रकळा घ्या! माझ्या काळ्या लुगड्याला मी दुसरं काय म्हणू?”

शिपायांनी तिला धरून नेलं.

तिची लेक राजवाड्यात दाई होती. आईवेगळ्या छोट्या राजकन्येला तीच सांभाळी. तिने राजाचे पाय धरले. “माझ्या आईला सोडा, महाराज.”

“हुकूम म्हणजे हुकूम!”

दाईने डोळे पुसले. ‘बरं तर,’ ती मनाशी म्हणाली, ‘हुकूम पाळूनच दाखवते.’

संध्याकाळी ती राजकन्येला भरवायला गच्चीवर बसली. पोरीने आभाळाकडे बोट केलं. “ते काय?” रोज ‘चांदोबा’ ऐकल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. दाई गप्प. पोरीने वाटी भिरकावली आणि भोकाड पसरलं.

राजा धावत आला. “अगं, सांग ना तिला काय ते!”

“काय सांगू, महाराज? चंद्र तर इथे माझ्यासमोर उभा आहे. पोरगी भलतीकडेच बोट दाखवते.”

राजाने लेकीला उचललं. “बाळ, हा बघ, मी चंद्र!”

पोरीने बापाचं तोंड नीट निरखलं आणि दुप्पट जोराने रडू लागली.

राजा हरला. त्याने वर बोट केलं. हळूच म्हणाला, “तो... तो बघ चांदोबा.”

पोरीने आ केला.

दाईने घास भरवला आणि विचारलं, “आता तुरुंगात आणखी एकाला टाकायचं, की माझ्या आईला सोडायचं?”

राजाला हसू आवरेना. त्याच संध्याकाळी म्हातारी ‘चंद्रकळा, चंद्रकळा!’ ओरडतच फाटकाबाहेर पडली. राजाने पदवी टाकली. पुढे लोक प्रेमाने त्याला चांदोबाराजा म्हणू लागले, आणि त्यासाठी कुणाला दवंडी पिटावी लागली नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा : शब्द सगळ्यांच्या तोंडी फिरतो तोवरच जिवंत राहतो, त्याला मालक नसतो.