धाकूची वाकलेली मान

कोकणात समुद्राकाठच्या कातळवाडीत धोंडनाथ महाराज राहत होते, तेव्हाची ही हकीकत. त्यांचा भक्त धाकू मुंबईच्या गिरणीत पोट भरायला निघाला. पाया पडताना महाराज एवढंच म्हणाले, "ज्याच्यावर पोट चालतं, त्याच्यापुढं आधी वाकावं."

गिरणीत शिरला आणि धाकूचं डोकंच चालेना! कानठळ्या बसवणारा खडखडाट, डोक्यावर गरगरणारे चामड्याचे पट्टे, भोंग्याला उठायचं न् भोंग्याला जेवायचं. गावी नांगराला हात लावण्याआधी नमस्कार करायचा, तसा तो रोज कापड विणायच्या आपल्या मागापुढं वाकू लागला.

तुळाजी मुकादम खदाखदा हसला. "अरे, हे काय देऊळ आहे? भोंगा वाजला की हात चालले पाहिजेत. पुन्हा वाकलास तर गाशा गुंडाळायचा!"

बिचारा धाकू! महाराजांचं ऐकावं तर नोकरी जाते, आणि गावाकडची चूल तर त्या नोकरीवरच पेटायची. मुकादमाचं ऐकावं तर गुरूची आज्ञा मोडते. करावं तरी काय? विचार करकरून तो पार गोंधळला. शेवटी मन घट्ट केलं, की आज वाकायचं नाही.

भोंगा वाजला. धाकू ताठ उभा राहिला. तोच कुणीतरी मानेवर हात ठेवून त्याला खाली दाबलं! मागं पाहावं तर कुणीच नाही, आणि उठू म्हटलं तर उठवेना. मुकादम शिव्या देत धावला, त्याच्या बखोटीला धरून ओढायला स्वतःही वाकला. अहो, त्याच क्षणी वरचा पट्टा तुटला आणि दोघांच्या डोक्यांवरून सप्पकन गेला. मुकादमाचा फेटा भिंतीपाशी जाऊन पडला.

"मला दाबलं कुणी?" धाकू ज्याला त्याला विचारत सुटला. मुकादमानं फेटा उचलला आणि असं वाकायला कुणी शिकवलं, ते धाकूला विचारलं.

शिमग्याला दोघे बोटीनं कातळवाडीला आले. महाराजांच्या उजव्या हाताच्या पाठीवर काळानिळा वळ होता, थेट त्या पट्ट्याएवढा रुंद! एका सकाळी महाराज पेज पीत असताना तो वळ अचानक उठला, असं गावकरी सांगत होते.

"महाराज, तो हात तुमचा होता? मग तुम्ही इथं कसे?" धाकूला अजूनही काही उमगत नव्हतं.

तुळाजीनं मात्र काही विचारलं नाही. त्यानं फेटा काढून महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते कितीतरी वेळ उचललंच नाही. मग एकदम दचकून धडपडत उठू लागला, तेव्हा महाराज त्याच्या पाठीवरून तोच हात फिरवत म्हणाले, "सावकाश, बाबा. इथं भोंगा नाही."