भित्तिपत्रातली माफी

‘उद्घाटन झाल्यापासून विज्ञान मंडळाची प्रयोगशाळा कुलूपबंद!’ शाळेच्या भित्तिपत्रात ही बातमी झळकली आणि संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब खरमाटे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळच्या प्रार्थनेलाच ते येऊन थडकले आणि भित्तिपत्राची संपादक, नववीतली हेमांगी वाकचौरे, हिला त्यांनी सगळ्या शाळेसमोर उभं केलं.

“प्रयोगशाळा रोज उघडते, मुलं रोज तिथं प्रयोग करतात! आत्ताच्या आत्ता माफी माग, नाहीतर तुमचं भित्तिपत्र कायमचं बंद!”

हेमांगी मात्र शांतपणे म्हणाली, “मागते, साहेब. त्याआधी एकच विचारू? आपल्या शाळेतली मुलं प्रामाणिक आहेत ना?”

“अलबत! माझ्या शाळेत सापडलेली पेन्सिलसुद्धा ऑफिसात जमा होते!”

“मग साहेब, गेल्या वर्षी उद्घाटनाच्या दिवशी तुमचा सोनेरी चष्मा हरवला होता ना, तो प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे. परवा बातमीसाठी खिडकीतून डोकावले तेव्हा दिसला. मुलं रोज आत जातात, तर एकानेही तो तुम्हाला कसा आणून दिला नाही?”

मैदानभर हशा पिकला. नानासाहेबांनी शिपायाला किल्ली आणायला पिटाळलं, तर किल्लीच कुठे सापडेना! शेवटी कुलूप फोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रात माफी नव्हतीच. ठळक अक्षरांत मथळा होता: ‘अध्यक्षांचा चष्मा सापडला, आणि प्रयोगशाळाही!’